वळांडीवरचा कणा

माझ्या हातून एकदा शास्त्रात मोठा शोध लागला होता, हे आता आमच्या घरातही कोणाला आठवत नाही. शोध समुद्रसापाच्या शेपटीतल्या मणक्यांविषयी होता आणि तो जेमतेम नऊ दिवस टिकला. पुढच्या आयुष्यात मी बेडकांच्या कवट्या मोजल्या, पालींच्या बोटांची हाडं मोजली, पोरांना शिकवलं, त्यांचे प्रबंध तपासले. ते सगळं बऱ्यापैकी टिकलं. पण त्यातलं काही कोणाला बसवून सांगावं असं वाटत नाही. सांगावंसं वाटतं ते हे नऊ दिवसांचंच.

माणिकपूरला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली रिक्षांचा तळ, पलीकडे चर्च. त्यामुळे घंटा आणि भोंगे यांच्या मधल्या फटीत जे काही ऐकू येईल ते आमचं घरातलं बोलणं. आईबाबा दोघेही मालवणकडचे. बाबा मुंबईत नोकरीला आणि आई दिवसभर मासळीच्या प्रतीक्षेत. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली कातरीनमावशी साडेनऊच्या सुमाराला जिना चढायची. तिची चाहूल आधी वासानं लागायची, मग बांगड्यांनी, मग "मालवनवाली, दार उघड गो!" अशा हाकेनं. आई पाटीशी उकिडवी बसायची, पापलेटाचा कल्ला उचलून बघायची, डोळ्यात डोळा घालायची, पोट दाबायची आणि म्हणायची, "हा कालचा." कातरीनमावशी कपाळावर हात मारायची. "कालचा? अगो, अजून त्याला ठावं नाय तो मेलाय म्हनून!" मी शरीररचनाशास्त्राचा पहिला धडा कॉलेजात गिरवला असं माझ्या अर्जांमध्ये लिहिलेलं असतं. ते खोटं आहे. तो मी या दोन बायांच्या मधे, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहून गिरवला.

दुसरा धडा मी स्वतःच्या अकलेनं गिरवला आणि त्याची किंमत आईच्या टोपाला मोजावी लागली. तेव्हा मी मुंबईला प्राणिशास्त्राच्या एम. एस्सी.ला होतो आणि उभयचर, सरपटणारे यांच्या हाडांनी मला झपाटलं होतं. रिक्षाच्या चाकाखाली आलेला एक गलेलठ्ठ बेडूक मी पिशवीत घालून घरी आणला. सांगाडा साफ करायचा तर मांस शिजवून सैल करायचं, हे पुस्तकात वाचलं होतं. आई चर्चच्या मागे भाजीला गेली होती. मी तिचा भाताचा टोप घेतला, धुण्याचा सोडा टाकला आणि गॅस बारीक ठेवला. तेवढ्यात बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. दारातच थांबले, नाक वर केलं आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "आज बुधवारचं मटण?" मी काही बोलायच्या आत त्यांनी झाकण उचललं. आतून चार बोटांचा एक हात कडेवर टेकून त्यांच्याकडे बघत होता. बाबांनी झाकण हळूच परत ठेवलं आणि बूट न काढताच खाली रिक्षांच्या तळावर जाऊन उभे राहिले. आई आली, तिनं पाहिलं, आणि टोप सांडशीत धरून ती माझ्याकडे वळली. "मेल्या, उद्या ह्या टोपात मी काय रांधू, सांग! तुझो अभ्यास?" त्या दिवसापासून आमच्या घरात मेलेल्या प्राण्यांना प्रवेश बंद झाला, मासळी सोडून, अर्थात.

या बंदीमुळेच मी पाचूबंदरला जाऊ लागलो. आमच्या करंदीकर मॅडमनी मला लघुप्रबंधासाठी समुद्रसाप दिला होता. जमिनीवरच्या सापांचे वंशज परत पाण्यात गेले, तेव्हा अंगात काय काय बदललं, हे पाहायचं. फुप्फुस लांबत लांबत जवळजवळ शेपटीपर्यंत गेलं, नाकपुड्यांना झडपा आल्या, आणि शेपूट वल्ह्यासारखं चपटं झालं. माझ्या वाट्याला शेपूट आलं. समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात त्या डोलीच्या जाळ्यात बोंबलांबरोबर समुद्रसाप येतात आणि बरेचदा मरूनच येतात. तसा मेलेला मिळाला तरच घ्यायचा, अशी मॅडमची ताकीद होती आणि परवानगीचे कागदही त्यांनीच केले होते. मी कातरीनमावशीला सांगितलं. तिनं पाटी खाली ठेवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमी त्याला काठीनं उचलून परत दर्यात टाकतो, आनि तुला तो घरी पायजे?"

"घरी नको. आई मारेल. तुमच्याकडे ठेवेन."

"म्हंजे आता मला मारनार पास्कू."

पास्कूकाका म्हणजे तिचे यजमान. त्यांनी मारलं नाही. आठवड्याच्या आत त्यांनीच एक हातभर लांबीचा मेलेला साप काठीवर तोलून आणला आणि "हा घे तुझा पाव्हना" म्हणून माझ्यापुढे ठेवला. मी त्याचं डोकं आधी स्पिरिटच्या बाटलीत बंद केलं, कारण विष मेल्यावरही मरत नाही. बाकीचं सोलून, बिस्किटांच्या भोकं पाडलेल्या डब्यात घालून त्यांच्या घरामागे मुंग्यांच्या वारुळाशी ठेवलं. मुंग्यांनी जे काम केलं तितकं स्वच्छ काम मी आजवर कोणा विद्यार्थ्याकडून करून घेऊ शकलेलो नाही.

मग आली ओवणी. सापाच्या मणक्यांची रचना फार सुबक असते. प्रत्येक मणक्याच्या तोंडाकडच्या बाजूला एक वाटी आणि शेपटीकडच्या बाजूला एक गोटी. पुढच्याची गोटी मागच्याच्या वाटीत बसते, त्याची गोटी त्याच्या मागच्याच्या वाटीत, आणि असं करत करत पूर्ण साप होतो. मधून मज्जारज्जू जायला आरपार भोक असतंच, त्यातून दोरा घालायचा. मॅडमचा नियम एकच होता: ओवण्याआधी प्रत्येक मणक्यावर काळ्या शाईनं आकडा टाकायचा. मी टाकले. धडाच्या सगळ्या मणक्यांवर टाकले. शेपटीशी पोचलो तेव्हा मणके तांदळाच्या कणीएवढे झाले, मान मोडून आली, पास्कूकाका जेवायला हाका मारू लागले. मनात म्हटलं, राहिले बावीस. दोऱ्यात क्रमानं जातीलच. यांच्यावर आकडे कोण टाकणार? पास्कूकाकांच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा होता, त्याला शेवटी मी एक गाठ मारली. ती गाठ मारताना कातरीनमावशी बघत होती. ती हसली. अंगणात बांबूंवर दोऱ्या ताणून केलेली बोंबील सुकवायची वळांडी होती; तिच्या एका टोकाला, कावळे येऊ नयेत म्हणून बांधलेल्या जाळ्याच्या आडोशाला, मी माझा साप सुकत टाकला आणि मामेबहिणीच्या लग्नाला चार दिवस मालवणला निघून गेलो.

परत आलो तो मंगळवार होता. सोलकढी आणि जागरणांनी जड झालेलं डोकं घेऊन मी वळांडीशी गेलो, सहज म्हणून शेपूट उचलून भिंगाखाली धरलं. शेपटीतले मणके एकाच दिशेनं बसलेले नव्हते. वाटीपुढे वाटी होती. मग गोटीला गोटी. परत वाटीपुढे वाटी. अकरा जोड्या, सगळ्या अशाच. आजवर कुठल्याही पुस्तकात असा साप नव्हता! आता हे लिहिताना मलाच माझ्या कानाखाली वाजवावीशी वाटते. मणक्यावरचे काटे एकमेकांकडे झुकून नमस्कार करत होते. पहिल्या वर्षाच्या पोरानंही विचारलं असतं की हे असं जिवंत सापाला हलवता तरी येईल का. मी ते विचारलं नाही. मी दहा मिनिटांत सिद्धांत मांडला: पाण्यात शेपूट दोन्ही बाजूंना सारख्याच जोरानं फटकारता यावं म्हणून निसर्गानं आलटून पालटून सांधे बसवले. त्याला 'जोडसांधा' असं नावसुद्धा दिलं. साप अजून पुरता सुकला नव्हता आणि घरी न्यायची सोय नव्हती, म्हणून तिथेच बसून मी चित्र काढलं आणि ते घेऊन दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे उभा राहिलो.

मॅडम चित्राकडे खूप वेळ बघत राहिल्या. त्यांना कोणाचं कौतुक करायचं असलं की त्या चष्मा काढत. त्यांनी तो काढला नाही, पण दांडीला हात लावला. "दुसरा साप पाहिलास?"

"मिळाला की पाहतो. पण मॅडम, हा इतका स्पष्ट आहे..."

"हं. पुढच्या शनिवारी चर्चासत्र आहे. बाहेरचे लोक येतायत. पंधरा मिनिटं देते. नमुना घेऊन ये." दाराशी पोचलो तेव्हा म्हणाल्या, "हे खरं निघालं तर पुढचं काम माझ्याकडेच करायचं. दुसरीकडे जायचं नाही." त्या शब्दाची आमच्या वर्गातला प्रत्येक जण वाट पाहत होता. मॅडम पीएच.डी.साठी वर्षाला एकच विद्यार्थी घेत.

बंदरावर ही बातमी मीच पोचवली. कातरीनमावशीला गोट्या आणि वाट्या समजल्या की नाही कोण जाणे, पण शोध तिच्या वळांडीवर लागला एवढं तिला पक्कं समजलं. पास्कूकाकांनी ते मासळीच्या लिलावात सांगितलं. मी रस्त्यानं जाताना जाळी विणणारे म्हातारे "आला बघ सापवाला" म्हणून सरकून जागा देऊ लागले. आमच्या आईनं बेडकाचा टोप अजून माफ केला नव्हता, पण त्या आठवड्यात माझ्या पानात बांगड्याचा मधला तुकडा पडू लागला. मी रोज आरशापुढे पंधरा मिनिटांचं भाषण करत होतो आणि शेवटी टाळ्यांसाठी थांबत होतो.

चर्चासत्राच्या आधीच्या गुरुवारी मी नमुना आणायला गेलो. नुकतीच होडी लागली होती आणि मावशी ओले बोंबील वळांडीवर टाकत होती. मी हे शंभरदा पाहिलं होतं, म्हणजे पाहिलंच नव्हतं. ती दोन बोंबील उचलायची, दोघांचे जबडे फाकवून एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. एक या बाजूला लोंबे, एक त्या बाजूला. हात इतके भरभर चालत होते की दोरी आपोआप भरत गेल्यासारखी वाटत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "मावशी, एकेक का नाही टाकत?"

"एकटा बोंबील ऱ्हात नाय दोरीवर. वारा आला का खाली. तोंडाला तोंड दिला का मग तुफान येव दे." पुढची जोडी टाकत ती सहज म्हणाली, "तुज्या सापाला पन तसंच लावला ना मी."

माझ्या कानात घंटा वाजायला लागली. चर्च तिथून लांब होतं. "कधी?"

"तू लग्नाला गेलतास तवा. तुजी ती गाठ! दुसऱ्याच दिवशी सुटली. शेपूट सगला वालूत. मी नि पास्कूनं चाळनीनं चाळून एकेक दाना काढला. मोठा, मग त्याच्याहून बारका, मग त्याच्याहून बारका, असा मांडला. एका अंगाला खड्डा होता, म्हटलं हाच तोंड असनार. मग जोड्या लावल्या, आनि दर जोडीला जाळ्याची गाठ मारली." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आमी बोललो नाय, कारन तू लाजला असतास गाठीपायी."

गाठी! प्रत्येक जोडीमागे एक, इवलीशी, घट्ट, जाळ्याची गाठ. नऊ दिवस त्या माझ्या भिंगाखाली होत्या. मला तशी गाठ जन्मात मारता येत नव्हती, तरी त्या मी मारल्या असतील असं मी धरून चाललो होतो.

इथे मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण बाकीचा मूर्खपणा सांगायचा आणि हे गाळायचं, हे बरं नाही. मी ओरडलो. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला? मासळी आहे का ती?" वळांडीवरच्या बाकीच्या बायका थांबल्या. कातरीनमावशीच्या हातात एक बोंबील तसाच राहिला, एकटा. ती म्हणाली, "चुकला काय रे? तुला काढतील तिथून?" मी दोरा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि चालू लागलो. मागून पास्कूकाकांनी हाक मारली, ती ऐकली नाही असं दाखवलं.

शुक्रवारी मुंबईला पोचेपर्यंत माझं वाक्य तयार होतं: 'एका अडाणी कोळणीनं नमुन्यात ढवळाढवळ केली.' वाक्य चांगलं होतं. प्रत्येक शब्द माझ्या बाजूचा होता. शोध जाईल, पण मी बिचारा ठरेन, आणि कदाचित मॅडमचा शब्दही राहील. मी मॅडमच्या टेबलावर दोरा ठेवला, वाक्याची सुरुवात केली आणि "एका" म्हणून थांबलो. मॅडम शेपटीवर भिंग धरून बघत होत्या.

"आकडे?"

"धडावर आहेत."

"शेपटीवर?"

"नाही टाकले."

"का?"

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर नव्हतं. "कंटाळा आला, मॅडम," मी म्हणालो, आणि मग बाकीचं सगळं धबाधबा सांगून टाकलं: गाठ, लग्न, वाळू, चाळणी, बोंबील, आणि काल मी ओरडलो तेही. मॅडमनी मधे एकदाही थांबवलं नाही. मग त्यांनी खणातून मापाचा कॅलिपर काढला आणि शेपटीचा एकेक मणका मोजायला लागल्या. मी उभा. बावीसच्या बावीस मोजून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मापं ओळीनं उतरत गेली होती, कुठेही खालीवर नाही.

"दिशा सोडली तर तिचा क्रम बरोबर आहे. वाळूतून चाळून, नुसत्या नजरेनं." आणि त्यांनी चष्मा काढला. "हे तुझ्यासाठी नाही," असं लगेच म्हणाल्या. "तुझी पंधरा मिनिटं उद्या आहेतच. हेच सांग. नावानिशी सांग तिचं. आणि त्या बाईकडून ती गाठ शिकून घे."

शनिवारी मी ते सांगितलं. लोक हसले. मधे हसले, शेवटी हसले, चहाच्या वेळी माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा हसले. त्या वर्षी मॅडमनी दुसऱ्या मुलाला घेतलं. मला दोन वर्षं थांबून, पुन्हा अर्ज करून त्यांच्याकडे जावं लागलं. अर्जाच्या मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला: "आकडे टाकतोस का आता?"

पण ते पुढचं. चर्चासत्राच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमधली मिसा सुटल्यावर मी पाचूबंदरला गेलो. मावशी ठेवणीतल्या लुगड्यात ओट्यावर बसली होती. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण भाषणं पाठ करण्याचा माझा लौकिक तोवर खलास झाला होता. तिनंच विचारलं, "बाई वरडली?"

"ओरडली. मला."

"आनि मला?"

"तुमच्यासाठी चष्मा काढला."

तिला अर्थातच काही कळलं नाही. मी सांगितलं, मग ती तोंडावर पदर धरून एवढी हसली की आतून पास्कूकाका बाहेर आले. "मावशी, त्या दिवशी मी..." मी सुरुवात केली. "बस," ती म्हणाली, "जेवलास?" तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण. तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं मी पास्कूकाकांना सांगितलं आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

जेवण झाल्यावर शेपूट सोडवायला बसलो. म्हणजे ती सोडवत होती, मी आकडे टाकत होतो. पहिली गाठ सुटल्यावर मी एक मणका फिरवून तिच्या हातात दिला आणि त्याच्या वाटीत पुढच्याची गोटी बसवून दाखवली. तिनं दोन बोटांत धरून ते हलवलं. परत हलवलं. "अरे, हा तर एकात एक बसतोय! ह्याला दोरी कशाला पायजे?" मग बराच वेळ ती एकेक मणका बसवून बघत राहिली आणि पास्कूकाकांना दाखवत राहिली. सापाचा कणा इतका नीट समजून घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतर फार पाहिले नाहीत. शेवटची जोडी राहिली, तेव्हा तिनं माझा हात धरला. "हा जोड राहू दे. माज्या हातचा."

माझ्या लघुप्रबंधात शेपटीचे मणके बावीस आणि तपशीलवार वर्णन विसांचं, असं आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बोट ठेवून विचारलं, उरलेल्या दोघांचं काय? "ते बांधलेले आहेत, सर," मी म्हणालो. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. ती जोडी माझ्या टेबलाच्या खणात, काचेच्या छोट्या बाटलीत आहे. नायलॉन पिवळा पडलाय. माझ्या गाठीनं एक दिवसही तग धरला नव्हता. मावशीच्या या गाठीला मी सुई लावून पाहिली, चिमटा लावून पाहिला, भिंगाखाली धरून तिचा दोरा कुठून कुठे जातो याचं चित्रसुद्धा काढून पाहिलं. मावशीकडून शिकून घे म्हणून मॅडमनी सांगितलं होतं. आज शिकू, उद्या शिकू म्हणता म्हणता ते तेवढं राहून गेलं.